सातखिंडीतल्या खेचराचा पोळा

सोनाळ्याच्या बसस्टँडवरून बाजाराच्या गल्लीत शिरलं की डाव्या हाताला तुळशीरामचं मोटार वायंडिंगचं दुकान लागतं. पाटीवर नाव तुळशीरामचं आहे, पण मोटारीत तार भरते ती त्याची मुलगी संजीवनी. तुळशीरामच्या डोळ्यांना बारीक तार दिसेनाशी झाली तेव्हा गावाला वाटलं, दुकान बंद पडणार. पडलं नाही. संजीवनी कॉलेज संपवून घरी होती. एका उन्हाळ्यात तिने बापाच्या शेजारी बसून काम उचललं.

काम सोपं नाही. जळालेली तार कापून काढायची, खाच न् खाच खरडून साफ करायची, कागद बसवायचा, मग नवी तार भरायची. तार जोराने ओढली तर तिचं कवच सोलतं. सैल सोडली तर मोटार थरथरते आणि पुन्हा जळते. हे पुस्तकातून येत नाही, बोटांना यावं लागतं. तिच्या बोटांना आलं. आता वरवट बकालपासून शेतकरी विहिरीवरच्या मोटारी घेऊन येतात आणि उंबऱ्यावरूनच विचारतात, "पोरगी हाय ना दुकानात?"

ही तिची एक ओळख. दुसरी ओळख गावात फारशी कोणाला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक होती त्यांना ती कळत नव्हती.

दुकानाच्या मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. शेगावचं एक नेट कॅफे मोडीत निघालं तेव्हा तिने तो बंद अवस्थेत उचलून आणला आणि खटपट करून चालू केला. त्यावर ती एक खेळ खेळते. खेळ परदेशी कंपनीचा. इंग्रजी नाव लांबलचक आहे. इकडची पोरं त्याला सातखिंड म्हणतात, कारण त्यात सात खिंडी ओलांडायच्या असतात. खेळणाऱ्याने मीठवाल्याचं सोंग घ्यायचं. डोंगरापलीकडच्या राज्यावर भुतांचा अंमल बसलेला आहे. भुतं मिठाला भितात. म्हणून समुद्राकाठचं मीठ गोण्यांत भरून तिकडे पोचवायचं. वाटेत पंखवाले साप, रूप बदलणाऱ्या बाया, मंत्र विकणारे बुवा, सगळं आहे. आणि ओझं वाहायला एक खेचर आहे.

खेचर चिडकं होतं. पाणी दिसलं की अडून बसायचं. दोन्ही बाजूंच्या गोण्या सारख्या वजनाच्या नसल्या तर एका अंगाला झुकून चालायचं. मुक्कामाला दोर सोडून एकेक गोणी हाताने उतरवावी लागे. ओझं तसंच ठेवलं तर सकाळी ते उठत नसे. यावर एक पळवाट होती. एक बटण दाबलं की रात्र सरायची, थोडं मीठ कमी व्हायचं आणि खेचर उभं राहायचं. जगभर बहुतेक लोक तेच बटण दाबत.

संजीवनीने ते कधी दाबलं नाही. तिच्या लहानपणी घरी बैलजोडी होती. बैल शेतातून आला की आधी जू काढायचं, मग पाणी, मग वैरण, आणि माणसांची ताटं त्यानंतर. हे तिला कोणी बसवून शिकवलं नव्हतं. घरात तसं चालत होतं. म्हणून पडद्यावरचं खेचर मुक्कामाला आलं की तिचा हात आपोआप दोराकडे जाई. खेळात आणखी एक बटण होतं, खेचराचा खांदा चोळण्याचं. ते दाबून काहीच होत नसे. खेचर लवकर चालत नसे, जास्त ओझं घेत नसे. फक्त कान हलवत असे. संजीवनी ते रोज करायची. खेचराच्या कपाळावर पांढरा डाग होता, म्हणून तिने त्याचं नाव चांद्या ठेवलं होतं.

पुढे तिने या खेळाचे व्हिडिओ करायला घेतले. गोणी कशी बांधायची, कोणत्या खिंडीत मुक्काम करायचा नाही, सगळं वऱ्हाडीत. "हे पाहा, इथं घाई केली का मेले समजा," असं तिचं बोलणं. कोणी तरी खाली लिहायचं, भाषा गावठी आहे. ती उत्तर द्यायची, "हाव, गावातच राह्यतो." पण पोरं जमत गेली. जिल्ह्यातली, अकोल्याची, पार यवतमाळपर्यंतची. खेळ मोबाइलवर आला तशी आणखी वाढली. त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर गट झाला. नाव ठेवलं, खेचरवाले.

गटात येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिला धडा एकच द्यायची. "पहिले नेट बंद करा, मंग खेळ चालू करा. नाही तं अर्ध्या तासात डेटा खलास, घरचे बोंबलतात." सगळे ऐकत. खेळ नेटशिवाय चालत होता. बिघडत काही नव्हतं.

मग एका पावसाळ्यात कंपनीने दुसऱ्या भागाची घोषणा केली. सात वर्षं लोक वाट बघत होते. घोषणेबरोबर काय काय बदललं तेही सांगितलं. वाट आता बाणाने दाखवली जाईल. लढाई झटपट होईल. मीठवाल्याचा चेहरा देखणा केला आहे. आणि खेचर काढून टाकलं आहे. त्याच्या जागी जादूची झोळी येईल. तीत हवं तितकं मीठ मावेल आणि वजन लागणार नाही.

आगडोंब उसळला. जगभरातून लोक कंपनीच्या पानावर तुटून पडले. कोणी लिहिलं, तुम्ही खेळाची हमाली काढून त्याचा मॉल केला. कोणी झोळीवाल्याची टिंगल करणारी चित्रं काढली. कोणी खेचराच्या फोटोला हार घातला. चेहरा बदलला म्हणून रडणारे वेगळे, बाण आला म्हणून चिडणारे वेगळे. बदल आवडलेलेही होते, पण त्यांना कोणी बोलू देत नव्हतं.

खेचरवाल्यांत सगळ्यांत जास्त आवाज शौनकचा होता. शौनक बुलढाण्याचा. वडील सरकारी कचेरीत कारकून, हा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. पोरगा हुशार आणि तोंडाचा तिखट.

"संजूताई, आता शांत बसाचं नाही," त्याने गटात बोलून पाठवलं. "कंपनीच्या एकेकाची धुलाई कराची. मी सुरुवात केली हाय."

"काय लिहिलं बे तू?"

"वाचण्यासारखं नाही."

"मंग त्यायनं काऊन वाचावं?"

गटात हशा झाला. शौनकला तो आवडला नाही. "ताई, तुले राग येत नाही का? तुह्या चांद्याले हाकलून राह्यले ते."

राग तिला आला होता. ती दिवसभर दुकानात कोणाशी धड बोलली नव्हती. पण शिवी द्यायला काय कष्ट लागतात, असं तिचं मत. जे कोणालाही जमतं त्याला किती वजन द्यायचं? दुसरं काय करायचं ते मात्र तिला सुचत नव्हतं. चांद्या जाणार, आणि तो राहावा असं तिला सगळ्या अंगाने वाटत होतं. एवढंच खरं होतं.

गटात गार्गी नावाची एक मुलगी होती. मलकापूरला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. बाकी सगळे भांडत असताना तिने कंपनीचं अख्खं निवेदन बसून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी संजीवनीला फोन केला. संजीवनी तेव्हा एका मोटारीत तार भरत होती. तिने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला.

"अगं, त्यांनी कारण दिलंय," गार्गी म्हणाली. "ते म्हणतात, आम्ही मोजदाद केली. खेचराची निगा जवळजवळ कोणीच राखत नाही. सगळे बटण दाबून पुढे जातात. खांदा चोळायचं तर कोणी करतच नाही. मग एवढी मेहनत घेऊन ते जनावर पुन्हा कशाला बनवायचं?"

"असं कसं? मी रोज करतो. आपले पोट्टे करतात."

"तेच तर. त्यांना कळतं कसं, माहीत आहे का? खेळ चालू असला की तो मागल्या मागे कंपनीला सांगत असतो. कोण कुठे थांबलं, कोणी काय दाबलं."

"कशावरून सांगते?"

"नेटवरून."

संजीवनीच्या हातातली तार तशीच राहिली. "गार्गी, आपण तं नेट बंद करून खेळतो."

पलीकडून प्रश्न आला, "सगळेच?"

"सगळेच. मीच शिकवलं त्यायले."

तिने तार खाली ठेवली. असं ती कधी करत नाही. अर्धवट खाच सोडून उठू नये, हा तिचा स्वतःचा नियम. दुकानाबाहेर येऊन ती उभी राहिली. समोर गोठ्यांतून शेणाच्या पाट्या निघत होत्या, कोणी बैलांची शिंगं घासायला काढली होती. पोळा जवळ आला होता. ती बघत राहिली, आणि काय करायचं ते तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

संध्याकाळी तिने गटात सांगितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण चांद्याची, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या खेचराची, खांदशेकणी करायची, बैलाचा खांदा तुपाहळदीने शेकतात तशी. नेट चालू करून. ओझं हाताने उतरवायचं, एकेक दोर सोडून. बटण दाबायचं नाही. पाणी, वैरण, मग खांदा चोळायचा. पोळ्याच्या दिवशी खेचराच्या पाठीवर दिवसभर काही ठेवायचं नाही. खेळात त्यामुळे मीठ भिजलं, भुतांनी गाठलं, तरी ठेवायचं नाही. आणि कंपनीला एकही शिवी द्यायची नाही.

"एवढंच?" शौनकने विचारलं.

"एवढं करून दाखव."

"ताई, तिकडं भुताखेतांचे खेळ बनवणारे लोकं हायेत. तू त्यायले बैलाचा सण सांगतं?"

"मी त्यायले काहीच सांगत नाही. मी चांद्याले आवतन देतो. त्यायले मोजायचं असन तं मोजतील."

शौनकने त्याच दिवशी वेगळा गट काढला. बहिष्कारवाले. दुसरा भाग विकत घ्यायचा नाही आणि रोज कंपनीच्या पानावर जाऊन गोंधळ घालायचा, असा त्यांचा कार्यक्रम. खेचरवाल्यांतले निम्म्याहून जास्त तिकडे गेले. गोंधळात मजा असते. गोण्या उतरवण्यात काय मजा?

संजीवनीला ते लागलं. इतकी वर्षं एकेक पोरगं धरून तिने तो गट बांधला होता. पण तिने कोणाला परत बोलावलं नाही. गार्गीला म्हणाली, "ज्याले वाटन तो येईन. ओढून आणलेला माणूस दोर नीट सोडत नाही."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी तिने दुकान लवकर आवरलं. घरी तिची आई अंबूबाई मातीचे बैल करत बसली होती. बैलजोडी विकली त्याला बरीच वर्षं झाली, पण अंबूबाईने पोळा सोडला नाही. शेजारच्या शालिग्रामच्या बैलांना ओवाळायची आणि घरात मातीचे पुजायची. चुलीवर वाटीत तूप आणि हळद कोमट होत होतं. पळसाची पानं धुऊन ठेवली होती.

संजीवनीने मागच्या खोलीत कॉम्प्युटर लावला आणि नेट जोडलं. तुळशीराम दारात येऊन उभा राहिला.

"काय करून राह्यली?"

"खांदशेकणी."

"कोणाची?"

"चांद्याची."

तुळशीरामने पडद्याकडे पाहिलं. "खोट्या जनावराले कशाचा पोळा वं? लोकं हासतील."

अंबूबाई आतून म्हणाली, "मी बसली ना मातीचे बैल करत. त्यायले कोण्या गाईनं दूध पाजलं?"

अंबूबाई हात पुसत आली, वाटी आणि पळसाचं पान घेऊन. तिने तो खेळ याआधी कधी निरखून पाहिला नव्हता. पडद्यावर डोंगराच्या पायथ्याशी खेचर उभं होतं, पाठीवर गोण्या लादलेल्या. अंबूबाईने पान तुपात बुडवलं तसा तुळशीराम पुढे झाला.

"तूप नको लावू त्याले. आतलं जळन, मंग पोरीलेच दुरुस्त करा लागन."

"लावत नाही. पाहू द्या त्याले."

संजीवनीने दोर सोडायला घेतले. पहिली गोणी उतरली, मग पलीकडची. एका बाजूच्या सगळ्या आधी काढल्या तर खेचर कलंडतं, म्हणून इकडची एक, तिकडची एक. तुळशीराम हे बघत होता. तो तिथून हलला नाही. गोण्या संपल्या. पाणी झालं, वैरण झाली. मग तिने खांदा चोळायला सुरुवात केली. खेचराने कान हलवला.

अंबूबाई वाकली आणि पडद्याला म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दर वर्षी बैलाला म्हणतात तेच शब्द, त्याच आवाजात. संजीवनीचा मोबाइल बाजूला चालू होता. ते सगळं त्यात आलं. तिने तो व्हिडिओ जसाच्या तसा टाकला. गार्गीने खाली इंग्रजीत ओळी लिहिल्या आणि जगभरचे खेळणारे जमतात तिथे नेऊन ठेवला.

त्या संध्याकाळी गटातून थोडेच लोक आले. वरवट बकालचा एक दूधवाला, रोहिणखेडची एक शिलाईवाली, अकोल्याचे दोघे भाऊ, असे. प्रत्येकाने आपलं खेचर उघड्या पाठीने उभं असल्याचं चित्र पाठवलं. संजीवनीने ती मोजली नाहीत.

रात्रीतून तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. पोळ्याच्या दिवशी मात्र चित्रं थांबेनात. बहिष्कारवाल्यांतले एकेक करून परत आले. मग इतर देशांतले येऊ लागले. एकाने खेळातली रानफुलं तोडून खेचराच्या गळ्यात माळ घातली होती. एकीने लिहिलं, माझे आजोबा खाणीत घोडा हाकायचे, तेही आधी घोड्याला पाणी द्यायचे. काहींनी थट्टाही केली: न जन्मलेल्या जनावराला जेवायला बोलावता, त्याचं बिल कोण भरणार? आणि एका नर्सने लिहिलं, मला कामावरून आल्यावर अर्धा तास मिळतो, त्यात गोण्या उतरवत बसले तर खेळू कधी, मला झोळीच बरी. गार्गीने हे वाचून दाखवलं तेव्हा संजीवनी म्हणाली, "बरोबर हाय तिचं. दिवसभर माणसं उचलते ती. तिले झोळी द्या ना. चांद्याले काऊन हाकलता?"

दुधवाल्याचं सगळं मीठ त्या दिवशी पावसाने विरघळलं. त्याने तेही चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, मंजूर.

दुपारी शौनकचा फोन आला. नेहमीचा आवाज नव्हता.

"ताई, मी सोडलं ओझं."

"बरं केलं."

"दोर कसा सुटते ते माहीत नव्हतं मले." मग म्हणाला, "सात वर्षांत कधी सोडलाच नव्हता. बटणच दाबत होतो."

खेचरासाठी सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा हा. संजीवनीच्या जिभेवर दोन-तीन उत्तरं आली होती. तिने गिळली. "पाणी पाजलं का?"

"कुठून पाजाचं?"

"ओढ्यावर ने. घाई नको करू, अडून बसते तो. बसला तं बसू दे."

पुढे कितीतरी दिवस काही झालं नाही. लोक दुसऱ्या भांडणाकडे वळले. बागायतीच्या मोटारी जळायला लागल्या आणि संजीवनीला मान वर करायला सवड राहिली नाही. मग एक दिवस गार्गी मलकापूरहून बसने स्वतः सोनाळ्याला आली. तिला कंपनीतून एका बाईने लिहिलं होतं. खेळातलं खेचर त्या बाईने बनवलं होतं. चालणं, अडणं, कान हलवणं, सगळं तिचं काम. तिला व्हिडिओतल्या मुलीशी बोलायचं होतं.

दुकानातच बोलणं झालं. संजीवनीने हातावरचा वार्निशचा डाग पुसला आणि कॉम्प्युटरसमोर बसली. पलीकडे चष्मा लावलेली, पिकल्या केसांची बाई. ती बोलायची, गार्गी मराठीत सांगायची.

बाई म्हणाली, पोळ्याच्या दिवशी आमची मोजणी एवढी वर गेली की आम्हाला वाटलं यंत्रणाच बिघडली. मग शोधलं. नेट बंद असताना तुम्ही केलेलं सगळं तुमच्याच यंत्रांत साठून राहिलं होतं. खेळ चालू असताना नेट जोडल्याबरोबर ते एकदम आमच्याकडे आलं. त्या एका दिवसाचं नाही, सात वर्षांचं.

गार्गी हे सांगताना थांबली आणि संजीवनीकडे पाहू लागली. संजीवनीने मान हलवली. रोज संध्याकाळी केलेलं काम; कोणाला दिसावं म्हणून केलंच नव्हतं. तरी एकही गोणी हरवली नव्हती.

"बाई विचारतात," गार्गी म्हणाली, "खांदा चोळायचं बटण त्यांनी स्वतःच्या हौसेने ठेवलं होतं. त्याचा खेळात काही उपयोग नाही, ते काढा, असं त्यांना सगळे सांगत होते. तुम्ही ते रोज का करत होतात?"

संजीवनीने थोडा विचार केला. "ओझं वाह्यलं त्यानं," ती म्हणाली. "मंग चोळा लागते ना."

गार्गीने ते इंग्रजीत सांगितलं. बाईने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, मी हे आत मांडीन. कबूल काही करत नाही, माझ्या हातात सगळं नाही.

"माह्याही हातात सगळं नसते," संजीवनी म्हणाली. "मोटार भरून देणं आपल्या हातात. वीज देणं नाही."

दिवाळीच्या आधी कंपनीचं नवं निवेदन आलं. बाण राहणार. देखणा चेहरा राहणार. झटपट लढाई राहणार. आणि खेचर परत येणार. ज्याला झोळी हवी त्याने झोळी घ्यावी, ज्याला खेचर हवं त्याने खेचर. खेचर घेणाऱ्याला त्याबद्दल जादा काही मिळणार नाही, असंही स्पष्ट लिहिलं होतं.

गटात गुलाल उधळल्यासारखं झालं. बहिष्कारवाल्यांतले काहीजण सांगू लागले, आमच्या शिव्यांनी कंपनी घाबरली. संजीवनीने त्यांना खोडून काढलं नाही. शौनकच बोलला. "तुमच्या शिव्या तिथं कोणी वाचल्या नाहीत बे. मी दिल्या होत्या, मले माहीत हाय." मग त्याने ताईला वेगळा निरोप पाठवला. "पण ताई, जादा काहीच नाही म्हणतात. खेचरवाल्याले काय फायदा?"

"चांद्या राह्यला ना."

"तेवढंच?"

"तुले अजून काय पायजे होतं?"

त्यावर त्याने एक चित्र पाठवलं. त्याचं खेचर ओढ्यात उभं होतं, पाठ मोकळी, आणि शौनकचा मीठवाला काठावर ताटकळत बसला होता.

त्याच आठवड्यात शालिग्राम जळालेली मोटार सायकलला बांधून दुकानात आला. संजीवनी मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर बसली होती. गार्गीने पाठवलेल्या कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होती. गोणी कशी बांधायची, कोणत्या बाजूची आधी काढायची. पुढचं बोलणं तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

"पोरगी कुठी गेली, तुळशीरामभाऊ?"

"हाय मधात. परदेशातल्या लोकायले काम सांगून राह्यली."

"कशाचं काम?"

"खेचराचं." तुळशीरामने मोटार उतरवून घेतली. "त्यायनं खेचर काढून टाकलं होतं. मोठी कंपनी हाय, शिकलेले लोकं. कारण होतं त्यायच्याजवळ. इनं एक शिवी दिली नाही. ओझं उतरवलं, खांदा शेकला, आणि ठेवून घ्यायले लावलं."

"कोणाचं खेचर म्हणता?"

"कोणाचं म्हणजे? आमचंच," तुळशीराम म्हणाला. "चांद्या नाव हाय त्याचं. कपाळावर पांढरा डाग."

शालिग्रामला काही उमगलं नाही, पण त्याने मान डोलावली. तुळशीरामच्या आवाजावरून एवढं कळत होतं की विषय मोठा आहे. तुळशीराम आणखी सांगत होता, गोण्या कशा इकडची एक, तिकडची एक काढायच्या ते, दोन्ही हातांनी दाखवून. दुकानात बापाचा आवाज एवढा मोकळा तिने कधी ऐकला नव्हता. ती उठली, बाहेर आली, मोटारीचं झाकण उघडून आत पाहिलं. तार पार कोळसा झाली होती.

"उद्या या काका," ती म्हणाली, आणि कात्री घेऊन बसली.